उघडी नळी

प्रयोगशाळेत सतत बडबडणाऱ्या त्या विद्यार्थिनीचं नाव मॅडमनी 'रेडिओ' ठेवलं होतं. आरएनएची नळी उघडली की तोंड बंद, हा मॅडमचा नियम. थुंकीचा कण पडला किंवा उघडं बोट लागलं, तरी आतला आरएनए नासतो. दोनदा तो वाया गेला, तेव्हा सगळ्यांनी रेडिओकडेच पाहिलं.

आज तिने चकार शब्द काढला नव्हता. तिने बनवलेला आरएनए वाचून काही पेशी धोक्याची सूचना देणारं प्रथिन तयार करणार होत्या. ती सूचना पोचली, तर शेजारच्या पेशी हिरव्या चमकणार होत्या. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या होत्या.

"चमकल्या! अगं, सगळ्या शेजारणी चमकल्या!"

मॅडम ओरडतच धावत आल्या आणि रेडिओच्या हातातली उघडी नळी घेऊन चक्क नाचू लागल्या. हातात मोजे नव्हतेच. रेडिओने डोळ्यांनीच त्या उघड्या बोटांकडे खुणावलं.

"अगं बाई, गेला की हा सगळा!" मॅडम खळखळून हसल्या. "जाऊ दे, आता तुला बनवता येतो. बोल रेडिओ, आज पोटभर बोल!"

"मॅडम, त्या दोन्ही वेळेला नळीवर वाकून 'गप्प बस' असं कोण ओरडलं होतं?"