सवतीच्या दाराशी

तुतारीचा आवाज आला आणि अटारा राणीच्या मुलाच्या मेजवानीतले सरदार ताटं सोडून उठले. यरुशलेमच्या गादीवर धाकट्या राणीच्या, तिर्साच्या मुलाचा अभिषेक झाला होता. स्वतःला राजा म्हणवून बसलेला अटाराचा मुलगा मंदिरात पळाला आणि वेदीला घट्ट धरून बसला; वेदीला धरलेल्या माणसावर तिथे कुणी शस्त्र उगारत नसे. बाहेर शिपाई तलवारी उपसून उभे राहिले.

अटाराने या सवतीला जन्मभर पाण्यात पाहिलं होतं. ‘मेंढपाळाची पोर’ म्हणून भरदरबारात हिणवलं होतं. आज ती अनवाणीच तिर्साच्या महालात गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. “माझ्या लेकाला जीवदान दे,” एवढंच ती कशीबशी म्हणाली.

तिर्साने बोटातली अंगठी काढून दासीला दिली. “शिपायांना दाखव. म्हणावं, राजमातेचा हुकूम आहे, त्याला घरी जाऊ द्या.”

तिने अटाराला हात देऊन उठवलं. “ताई, उलटं झालं असतं तर मीही तुमच्याच दाराशी आले असते.”

“आणि मी दार उघडलं नसतं,” अटारा म्हणाली. तिला हुंदका फुटला.

“ठाऊक आहे मला,” तिर्सा म्हणाली आणि तिने तिला शेजारी बसवून घेतलं.