अनोळखी होडी

सत्कारमूर्ती म्हणून लहूला मधली खुर्ची दिली होती. खारदांड्याच्या मच्छीमार सोसायटीचा हॉल निम्माच भरला होता. आलेले लोक मागच्या रांगांत बसले होते आणि कुणी लहूकडे सरळ बघत नव्हतं.

युद्ध सुरू झालं तसा समुद्र बंद झाला. अठरा दिवस एकाही होडीला बाहेर पडायची परवानगी नव्हती. बर्फाचा कारखाना थंड पडला. मासळी विकणाऱ्या बायका टॉवरमध्ये लाद्या पुसायला जाऊ लागल्या. पुरुषांना चमकणारी जाकिटं नि शिट्ट्या देऊन किनाऱ्यावर पहाऱ्याला उभं केलं. लहू इंजिन मेकॅनिक; दुरुस्तीला इंजिन येईना, तेव्हा त्यानेही जाकीट चढवलं. आणि गेल्या शनिवारी पहाटे त्याने फोन केला, की एक अनोळखी होडी किनाऱ्याकडे येतेय. गस्तीच्या बोटीने ती अडवली. आत होता शेजारच्या कृष्णाबाईचा मुलगा विकी, चोरून मासेमारीला गेलेला. होडी जप्त झाली, विकी लॉकअपमध्ये गेला आणि लहू जागरूक नागरिक ठरला.

परिचय करून द्यायला लहूची मुलगी कल्पिता उभी राहिली. यंदा बारावीला होती. परिचय तिनेच लिहिला होता आणि घरात कुणाला दाखवला नव्हता.

"दांड्यातल्या प्रत्येक होडीचं इंजिन माझ्या बाबांच्या हाताखालून गेलंय," तिने वाचलं. "नुसत्या आवाजावरून ते सांगतात, होडी कुणाची. लहानपणी आम्ही खिडकीत बसून हाच खेळ खेळायचो. बाबा डोळे मिटायचे आणि नाव सांगायचे. ते एकदाही चुकले नाहीत."

सत्कारासाठी बाहेरून आलेल्या सरकारी साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. हॉलमधून दुसरी टाळी आली नाही. कल्पिताने कागदावरून मान वर केली, लोकांकडे पाहिलं, मग बाबाकडे. पोरगी हुशार. तिचं हसू मावळायला वेळ लागला नाही.

ती शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "बाबा, तुला विकीदादाचा आवाज नाय कळला?" तिने हळूच विचारलं.

"वारा होता गं," लहू म्हणाला.

त्या पहाटे वारा नव्हता, हे अख्ख्या दांड्याला माहीत होतं. विकीच्या इंजिनाचा एक ठोका अधूनमधून चुकतो. ते इंजिन लहूनेच बसवलेलं. काळोखात तो चुकलेला ठोका ऐकल्यावर त्याने आधी फोन काढला, मग 'अनोळखी' हा शब्द शोधला. आठवडाभर विकीच्या घरातून ताजे बोंबील तळल्याचा वास येत होता आणि लहूच्या घरात दोन्ही वेळ डाळ शिजत होती. एवढंच कारण. देशबिश त्या वेळी त्याच्या डोक्यातही नव्हता. आता पोरीसमोर त्याला इतकी लाज वाटत होती, की कुणी खुर्चीसकट उचलून समुद्रात टाकलं असतं तर बरं झालं असतं.

"सोसायटीच्या ज्येष्ठ सभासद कृष्णाबाई यांच्या हस्ते औक्षण," साहेबांनी यादीतलं नाव वाचलं. ती कुणाची कोण, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

कृष्णाबाई उठली. काहींना वाटलं, ती बाहेर निघून जाईल. ती पदर सारखा करून स्टेजवर आली आणि तिने तबक हातात घेतलं. लहूची मान खाली होती. तिने हनुवटीला धरून ती वर केली, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. शाल त्याच्या दोन्ही खांद्यांवर नीट बसवली. नारळ हातात ठेवला.

"लहू, पोलिसांनी विकीची होरी सोडली, का इंजिन तूच बघ हां रं," ती म्हणाली. रागाने नाही; मेकॅनिकला सांगावं तसं. "दुसऱ्या कोनाला तो आवाज नाय कलत."