कोणाची लस

"कोणाची हाय ते सांगा, मंग टोचा," कुसाबाई पुन्हा म्हणाली आणि दीड वर्षाच्या नातवाला, रुद्रला, तिने पदराखाली घेतलं.

पेठ रोडजवळच्या एका द्राक्षबागेत मजुरांची सहा बिऱ्हाडं उतरली होती, सगळी सुरगाण्याकडची. शेजारच्या मळ्यात दोन मुलांना गोवर निघाला होता. बाकी पाच बिऱ्हाडांतली पोरं टोचून झाली. रुद्रचे आईबाप बागेत विरळणीला गेलेले, आणि जाताना 'आई म्हणंल तसं' एवढं बोलून मोकळे झालेले. सविता सिस्टरची ही तिसरी खेप. फोडलेली कुपी चार तासांत संपवायची असते, त्यातला एकच तास उरला होता.

"सरकारची आहे, आजी. फुकट आहे."

"सरकारला कुठं पोर असतंय?"

सविताने कपाळाला हात लावला. "पोराचा काय संबंध?"

"लस हाय ना? माझी आजी ल्हान व्हती, तवा देवीच्या साथीत तिच्या दंडावर फोड आणला. त्यातली लस काढून गावच्या सात पोरांना टोचली. समदी जगली."

"तेव्हा तसंच करायचे. फोडातलं ते चिकट पाणी म्हणजे लस. म्हणून टोचायच्या औषधालाही लस म्हणायला लागले. आता ते सगळं बंद झालं, आजी. आता कारखान्यात बनते. नाव तेवढं जुनं राहिलं."

कुसाबाईने कुपीकडे निरखून पाहिलं. "लस हाय, तर कोणाच्या तरी पोराची असंलच. कोणच्या घरची, त्येवढं सांगा."

कोणच्या घरची. सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. आडनाव ऐकून पाण्याचा तांब्या परत आत नेणारी घरं तिने बारा वर्षांच्या नोकरीत पुष्कळ पाहिली होती. आणि इथे पत्र्याच्या खोपटातही तेच. पोर तापाने फणफणलं तरी चालेल, पण जात कळली पाहिजे. तिला रडूच यायला लागलं.

"माझ्या मुलीची आहे," ती ताडकन म्हणाली. "आरोहीची. माझ्या घरची. नको असेल तर नको म्हणा, मी जाते."

कुसाबाईने रुद्रचा दंड उघडा करून पुढे केला.

सविताने टोचलं, कापूस दाबला, कार्डावर तारीख घातली. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, आणि म्हातारी एकाएकी कशी वळली तेही कळत नव्हतं. पेटी उचलून ती निघाली, तर कुसाबाईने तिला थांबवलं. आत जाऊन आली, सविताला कुंकू लावलं आणि तिच्या पदरात पसाभर तांदूळ आणि नारळ घातला.

"पोरीच्या दंडाला खोबरेल लावा," ती म्हणाली. "जिच्या लेकराची लस घेतली, त्या आईला रिकाम्या ओटीनं ऱ्हाऊ द्यायचं नाय, माझी आजी सांगायची. मी पहिल्या खेपेपासनं नारळ आणून बसलीय, अन् तुम्ही त्या माउलीचं नावच सांगंनात."