खालचा पाइप

नव्या घराच्या जिन्याला काचेचं रेलिंग आणि वर धरायला स्टीलचा पाइप, असं घरात एकमताने ठरलं. रेलिंगवाल्याने नमुन्याचा पाइप नेमक्या उंचीवर धरून दाखवला. साडेतीन वर्षांच्या ठमीने टाचा उंचावल्या, उडी मारून पाहिली, पण पाइप काही हाताला लागेना.

"अगं, मी आहे ना उचलून न्यायला," तिचा बाबा म्हणाला.

"नको! माझी मी चढणार." ठमीने पायरीवर फतकल मारली.

आजोबा सावकाश तिच्या शेजारी जाऊन बसले. "बरोबर आहे हिचं. हिच्या हाताला येईल असा आणखी एक पाइप खाली लावा. त्याशिवाय आम्ही दोघं इथून हलत नाही."

"आजोबा, काचेपुढे दुसरा पाइप आला, की डिझाइनची सगळी शोभा जाईल हो," रेलिंगवाला कळवळला.

"जाऊ दे. जिना चढायला बांधलाय, की बघत बसायला?"

ठमीचा बाबा आजोबांवर वैतागला. "बाबा, हट्टाला काही अर्थ आहे का? चार वर्षांत ही ताडमाड वाढेल. मग तो खालचा पाइप धरणार कोण? तुम्हाला तर आम्ही खालचीच खोली देतोय."



"मीच धरणार," आजोबा म्हणाले. "ती वाढेल तसा मी वाकत जाईन. पण म्हणून खाली राहणार नाही!"