दुरुस्तीची खिडकी

शोरूममधल्या सेल्समननं चंदेरी लॅपटॉप उघडून दाखवला आणि तो कस्तुरीच्या मनातच भरला. सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. आई मात्र लॅपटॉपकडे पाहीचना. ती सरळ दुरुस्तीच्या खिडकीपाशी जाऊन बसली. तिथं एका मास्तरांना "उद्या या" ऐकून पुन्हा माघारी फिरावं लागलं, तशी आई उठली.

गल्लीतल्या छोट्या दुकानातही ती खिडकीपाशीच बसली. नवाकोरा लॅपटॉप बंद पडला म्हणून एक मुलगी दुकानदाराला वाटेल ते बोलत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "तुझा नीट होईपर्यंत हा वापर, बाळ."

"इथंच घ्यायचा," आई म्हणाली.

"एवढ्यावरून?" कस्तुरीचं मन अजून शोरूममध्येच होतं.

"तुझ्या बाबांनाही मी असंच पारखलं. कांदेपोह्यांच्या आदल्या दिवशी ओळख न देता विरजण मागायला त्यांच्या दारात गेले. तुझ्या आजीची बोलणी खात ते मुकाट्यानं भांडी घासत होते."

कस्तुरीला हसू फुटलं. आजही बाबा भांडी घासूनच कामाला गेले होते.