वीतभर पडदे
झाई गावातल्या घराच्या पडवीत श्यामकांत गोबरगॅस शुद्ध करणारा संच बनवत होते. कागदाहून पातळ पडदे एकावर एक रचायचे. नकोसा वायू त्यांतून निसटतो, जळणारा मागे राहतो. आधी पडदे चादरीएवढे रुंद होते. एक बाजू ते धरायचे, दुसरी बायको नीलम. “ताणा जरा, सुरकुती पडतेय,” ती म्हणायची. फाल्गुनात ती गेली. त्यानंतर प्रत्येक पडदा चुरगळला, सुरकुतीतून गॅस गळला, ज्योत फडफडून विझली. शेवटी त्यांनी आराखडाच बदलला. पडदे वीतभर रुंद, एका हाताने अंथरता येतील असे केले. आज ज्योत निळी, ताठ उभी राहिली. आशागडहून गोठ्यासाठी संच बघायला आलेल्या देवेशने टाळीच वाजवली. “काका, भारी डिझाइन! एकटा माणूससुद्धा जोडू शकेल. कसं सुचलं हो?” श्यामकांत ज्योतीकडे बघत राहिले. “सुचलं नाही रे, शिकावं लागलं.”