तिसरी हाक

शेवटी बाबा आईवर खेकसले. पण तसं काही घडलंच नाही, असं घरातल्या तिघांनी एकमताने ठरवलेलं असल्यामुळे आपणही ते ऐकलं नाही असं धरून चालू.

लेक ओट्यावर लॅपटॉप मांडून बसली होती. शेजारी आई, हातात चमचा. घशाच्या ऑपरेशनात आईचा आवाज गेला, नुसती हवा उरली. कुजबुजता येई, तेही समोरच्याने कान जवळ आणला तर. तेव्हापासून बाबांना बोलवायचं झालं की ती ताटलीवर चमचा वाजवी, आणि बाबा पहिल्याच ठोक्याला धावत येत. दुखणं खरं तिथेच होतं.

"जन्मभर तिसऱ्या हाकेशिवाय हलले नाहीत," आई लेकीच्या कानाशी कुजबुजली. "आता लगेच उठतात. मी काय पेशंट आहे?"

"छे," लेक म्हणाली, आणि तिने आईसाठी लॅपटॉपवर 'अहो' बनवायला घेतलं.

एक साइन वेव्ह, आवाजाची साधी लहर, म्हणजे नुसती शिट्टी. निर्मळ आणि बिनडोक. तिच्यावर दुप्पट वेगाची चढवायची, मग तिप्पट, मग चौपट. कुणाला जोर द्यायचा, कुणाला दामटून गप्प बसवायचं. एकत्र कुटुंबासारखंच. जमलं, तर शिट्ट्या ऐकू येईनाशा होतात आणि गळा ऐकू येतो. पहिला 'ओ' बोटीच्या भोंग्यासारखा निघाला. दुसऱ्याला शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. तिसरा हुबेहूब मावशीसारखा झाला. तो आईने उभ्या उभ्या पुसायला लावला.

चौथा ऐकून ती कुजबुजली, "जरा चिडकी कर. इतकी गोड मी लग्नातसुद्धा नव्हते."

लेकीने वरच्या लहरींचा जोर वाढवला. आईने डोळे मिटले आणि मान हलवली. हीच.

फक्त 'ह' काही होईना. 'ह' म्हणजे नुसता श्वास. त्याला सूर नाही, आणि शिट्ट्या रचून रचून तो निघत नाही. स्पीकर आपला 'अ-ओ', 'अ-ओ' करत राहिला. लेक डोकं धरून बसली.

आईने तिला कोपराने बाजूला सारलं आणि माइक तोंडाशी धरला. नेमकी तेवढीच एक गोष्ट तिच्याकडे शिल्लक होती.

लॅपटॉप 'अ' म्हणाला, आईने श्वास सोडला, लॅपटॉपने 'ओ' लांबवला.

"अहोऽऽ!"

बाहेरच्या खोलीत बाबांनी पेपरचं पान उलटलं.

"अहोऽऽ!"

काही नाही. आईचा चेहरा असा उजळला की लेकीला दुसरीकडे बघावं लागलं.

"अहोऽऽ!"

"आलो गं! किती ओरडतेस!"

मग घर गप्प झालं. पेपरसुद्धा.

बऱ्याच वेळाने बाबा चष्मा पुसत दारात आले. आईने घट्ट बसलेली एक बरणी पुढे केली. त्यांनी झाकण उघडून दिलं, घसा खाकरला, आणि लॅपटॉपकडे, म्हणजे खरं तर आईकडे बघत रीतसर म्हणाले,

"सदर हाक यापुढे एकदाच, आणि हळू आवाजात मारण्यात यावी, ही नम्र विनंती."